मूठभर म्हणजे किती?

आजीचं सहस्रचंद्रदर्शन करायचं ठरतं. हॉल बघून होतो, एक्याऐंशी दिव्यांच्या ओवाळणीसाठी पणत्या मोजून होतात, आणि मग गुरुजी विचारतात, "जन्म कधीचा?" हजार पौर्णिमा भरायला साधारण २९,५३० दिवस लागतात, म्हणजे ८० वर्षं आणि १० महिने. गणित सोपं आहे. मोजायला सुरुवात कुठून करायची, एवढंच घरात कुणाला ठाऊक नसतं. आधारकार्डावर १ जानेवारी असते, कारण तारीख सांगता आली नाही की अंदाजाने वर्ष धरून पुढे १ जानेवारी टाकतात. आजी दोन इयत्ता शिकलेली असेल तर १ जून. ती मास्तरांनी दाखल्यापुरती बसवलेली. रेशनकार्डावरचं वय वेगळं, मतदारयादीतलं त्याहून वेगळं. आणि खुद्द आजीला विचारावं तर ती म्हणते, "वैशाखातली मी. अधिकातली."

एवढ्या सगळ्या कागदांमध्ये भरवशाचं असं हेच एक वाक्य. अधिक महिना दर बत्तीस-तेहतीस महिन्यांनी येतो, पण वैशाखच अधिक यायला एकोणीस वर्षं लागली आहेत: १९३४, १९५३, १९७२, १९९१, २०१०. नव्वदीला टेकलेली बाई अधिक वैशाखातली असेल तर ती १९३४ ची, शके १८५६ ची. अधिक श्रावण मात्र त्याहून लवकर परतला आहे: १९३९, १९४७, १९५८, १९६६. जुन्या वहीत नुसता शक सापडला तर त्यात ७८ मिळवायचे. जन्म जानेवारी ते गुढीपाडवा यांच्या मधला असेल तर ७९. इथे एका वर्षाची चूक हमखास होते, कारण पौष, माघ, फाल्गुन हे महिने शकाच्या शेवटाला येतात आणि इंग्रजी वर्ष तोवर बदललेलं असतं.

अधिक महिन्याची खूण प्रत्येकीपाशी असेलच असं नाही. मग दुसऱ्या खुंट्या शोधायच्या. त्या पिढीचं आयुष्य तारखांना टांगलेलं नसतं, गावावर गुदरलेल्या गोष्टींना टांगलेलं असतं. पुण्याकडच्या आजीला पानशेतचं धरण फुटलं ते विचारावं: १२ जुलै १९६१. कराड-पाटणकडे कोयनेचा भूकंप: ११ डिसेंबर १९६७, पहाट. मराठवाड्यात सप्टेंबर १९४८ चं पोलीस ॲक्शन आणि त्याआधीचे रझाकारांचे दिवस. लातूर-उस्मानाबादकडे (आताचं धाराशिव) पुढे ३० सप्टेंबर १९९३ चा भूकंप, गणपती बोळवून झाल्यावरची पहाट. गांधीजी गेले ते ३० जानेवारी १९४८ ला. बाजारात आणे जाऊन नये पैसे आले ते १ एप्रिल १९५७ पासून, आणि ज्या बायांनी दुधाचा, शेणीचा, भाजीचा हिशेब स्वतः केला त्यांच्या डोक्यात ही खुंटी फार पक्की ठोकलेली असते.

प्रसंग विचारताना मात्र "तेव्हा तू किती वर्षांची होतीस?" असं विचारायचं नाही. उत्तर अंदाजाचं येतं. विचारायचं ते हे: "तेव्हा मांडीवर कोण होतं?" बायकांची पंचांगं पोरांवरून चालतात. नये पैसे आले तेव्हा थोरला धरून धरून चालत होता, म्हणजे तो १९५६ चा. पानशेत फुटलं तेव्हा दुसऱ्या बाळंतपणाला माहेरी होते, म्हणजे दुसरी १९६१ ची. लग्न गांधीजी गेल्यावर दोन वर्षांनी, आणि तेव्हा सोळावं लागलं होतं. सोळावं लागलं म्हणजे पंधरा पुरी झालेली. १९५० मधून पंधरा वजा केले की १९३४-३५ येतं, आणि वर अधिक वैशाख जुळला की गाठ पक्की बसते. एकाच खुंटीवर विसंबू नये. निदान तीन हव्यात, आणि तिन्ही एकाच वर्षाकडे बोट दाखवायला हवीत.

आठवणी एकमेकींत मिसळतात. 'दुष्काळ' म्हटलं तर कुठला? खाल्लं काय, ते विचारावं. सुकडी आणि लाल मिलो (परदेशातून आलेली ज्वारी) आठवत असेल, खडी फोडायला आणि पाझर तलावाच्या कामावर गेल्याचं आठवत असेल, तर तो १९७२ चा. 'युद्ध' म्हटलं आणि खिडक्यांना काळे कागद लावल्याचं सांगितलं, तर ते १९६५ चंही असेल आणि १९७१ चंही. पुन्हा मांडीवरचं पोर विचारूनच निवाडा होतो. आणि हे विचारताना एक गोष्ट हळूच पुढे येते: मांडीवर होतं, पण पुढे राहिलं नाही असं मूल. घरातल्या कुठल्याही वंशावळीत ते नसतं. आजीच्या मोजणीत असतं. तिने "मला सात" म्हटलं आणि तुम्हाला मामा-मावश्या पाचच ठाऊक असतील, तर तिला दुरुस्त करू नका. गर्दीत विचारू नका. दुपारी दोघीच असताना विचारा, आणि नाव ठेवलं होतं का ते विचारा. ठेवलं असेल तर ते नाव लिहून घ्या. जगात ते नाव ठाऊक असलेली ती शेवटची असते.

कागदोपत्री शोध घ्यायचा असेल तर तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात कोतवाल बुकं असतात. जन्ममृत्यूची नोंदवही, म्हणजे गाव नमुना १४. जुनी पानं पुष्कळदा मोडीत आहेत, तेव्हा मोडी वाचणारं माणूस बरोबर हवं. लोक हात हलवत परत येतात त्याची कारणं दोन. एक, आजीचं नाव शोधतात. त्या वहीत बाळाचं नाव बहुधा नसतंच. बापाचं नाव, जात, तारीख आणि पुढे 'मुलगी' एवढंच असतं. दुसरं, चुकीच्या गावात शोधतात. पहिलटकरीण माहेरी जाते. आजी थोरली असेल तर तिची नोंद तिच्या माहेरच्या गावी नाही, तिच्या आईच्या माहेरी, म्हणजे आजीच्या आजोळी सापडते. आणि ते आजोळ कुठलं हे सांगणारं कागदावर काहीच नसतं. ते तिलाच विचारावं लागतं.

नावाचंही तेच. लग्नात ताटभर तांदळावर अंगठीने नवं नाव कोरलं, ते तांदूळ सारखे केले आणि जुनं नाव गेलं. सातबाऱ्यावर, फेरफारात ती येते ती नवऱ्यामागून: अमुकबाई, पुढे 'भ्र.', म्हणजे भ्रतार, आणि पुढे त्याचं नाव. बापाच्या जमिनीच्या कागदांवर शेवटचा माग बहुतेक हक्कसोडपत्राचा असतो. कुठलीही वंशावळ उघडून बघा, खापरपणजोबांपर्यंत पुरुष सलग सापडतात आणि पणज्या 'पत्नी' या एका शब्दात बसवलेल्या असतात. हे मला फार लागतं. म्हणून आजीची नोंद करायला घ्याल त्या पानावर पहिल्या ओळीत तीन नावं हवीत: माहेरचं पाळण्यातलं, सासरचं, आणि जिने-तिने हाक मारली ते — अक्का, माई, बाय, जिजी, काय असेल ते. त्याखाली तिची आई, आईची आई, आणि दोघींची माहेरची आडनावं व गावं. दोन पिढ्या एवढं जरी भरलं तरी निम्म्या घरांत पूर्वी नव्हता तेवढा इतिहास हाती येतो.

आता स्वयंपाकघर. इथे सगळ्यांत जास्त गमावलं जातं, कारण सगळ्यांना वाटतं की आपल्याला येतंय.

आजीला गोडा मसाला विचारला की ती सांगते: धणे घ्यायचे, खोबरं घ्यायचं, मूठभर तीळ, दगडफूल चिमूटभर जास्त. हे लिहून घेऊन मसाला होत नाही. मूठभर म्हणजे किती, हे तोंडाने सांगता येत नाही. ते हातालाच ठाऊक असतं. मग हाताला मोजायचं. तिला वजनकाट्यावर घालायला सांगू नका. काटा दिसला की हात बिचकतो आणि मूठ लहान होते. प्रत्येक डबा आधीच वजन करून ठेवायचा, आकडा झाकणावर चिकटवायचा, तिला नेहमीसारखं करू द्यायचं, आणि शेवटी डबे पुन्हा तोलायचे. वजाबाकी म्हणजे तिचं प्रमाण. हे दोन वेगवेगळ्या खेपांना करावं, कारण नव्या धण्याला आणि वर्षभराच्या धण्याला तिचा हात वेगळा पडतो. हिंग, केशर, वेलदोडे यांच्यासाठी साधा काटा चालत नाही. एक ग्रॅमच्या खालचं दाखवणारा लागतो.

देशावरच्या घरांत आकडे साधारण असे निघतात: धणे अर्धा किलो, सुकं खोबरं पाव किलो, तीळ १०० ग्रॅम, जिरं ५० ते १००, दगडफूल २५, आणि लवंग, दालचिनी, मिरं, नागकेशर, तमालपत्र, मसाला वेलची प्रत्येकी दहाच्या आसपास, वर हळकुंडं आणि खडा हिंग तेलात फुलवून. पण घराघराची चव या आकड्यांत कमी आणि भाजण्यात जास्त असते. ते टिपायचं. कढई कुठली, आच कशी, तेल कशाला आणि कशाला नाही, आणि मुख्य म्हणजे थांबायचं कधी. धणे वासावर थांबवते की रंगावर? तीळ तडतडायला लागल्यावर किती मोजून उतरवते? खोबरं ती बदामी काढते की पार तपकिरी? बिघडतं ते इथे. खोबरं ओलसर राहिलं की महिन्याभरात मसाला खवट होतो. करपलं की कडू. दगडफूल न निवडता टाकलं की आमटीत कचकच येते. खोबरं आणि तीळ आधीच कुटले की तेल सुटून बाकीचं सगळं चिकटतं, म्हणून ते शेवटी. आणि गरम मसाला बरणीत भरला की झाकणाला आतून घाम येतो, तिथूनच बुरशीची सुरुवात.

तिची वाटीही मोजून ठेवावी. पाण्याने काठोकाठ भरायची, पाणी तोलायचं. जितके ग्रॅम तितके मिलिलिटर. बाजारातली आजची वाटी आणि तिची पितळी वाटी एक नसते, आणि 'दोन वाट्या रव्याला एक वाटी तूप' हे तिच्या वाटीचं गणित असतं. जुन्या मापांत बोलली तर चार चिपट्यांचा शेर, चार शेरांची पायली. पण ही धान्य भरून मोजायची मापं आहेत, वजनाची नव्हेत. एक पायली ज्वारी आणि एक पायली बाजरी काट्यावर सारखी भरत नाही. तिचं लाकडी किंवा लोखंडी माप घरात असेल तर त्यातच धान्य भरून तोलावं, पुस्तकातली कोष्टकं धुंडाळू नयेत. गावागणिक मापं वेगळी होती.

भाकरीचं एक सांगून पुढे जाते. "आजीसारखी भाकरी जमत नाही" यातला निम्मा दोष पिठाचा असतो. ज्वारीचं पीठ जुनं झालं की त्याची विरी जाते, म्हणजे चिकटपणा जातो, आणि थापताना कडा फुटतात. आजी आठवड्यापुरतंच दळायची. पीठ विरी गेलेलं असलं की ती उकळतं पाणी घालून, जरा झाकून ठेवून मगच मळायची. हातातली जादू म्हणून ज्याचं कौतुक होतं, ते सगळं तिला नीट ठाऊक असलेलं काम असतं. तसंच ते लिहायला हवं.

बोलणं ध्वनिमुद्रित करायला आता यंत्र प्रत्येकाच्या खिशात आहे, आणि तरीही ते होत नाही. झालं तरी ऐकण्याजोगं होत नाही. पंखा बंद करावा. फोन विमान मोडवर टाकावा, नाहीतर मध्येच कुणाचा तरी फोन येतो आणि मुद्रण तुटतं. फोन स्टीलच्या ताटाजवळ किंवा नुसत्या टेबलावर नको. घडी घातलेल्या रुमालावर, तिच्या तोंडापासून हातभर अंतरावर. सुरुवातीला तुम्हीच तारीख, गाव आणि बसलेल्यांची नावं बोला. वेळ सकाळच्या चहानंतरची. अर्धा-पाऊण तास पुरे. तिला कमी ऐकू येत असेल तर ओरडू नका. म्हातारपणी आधी बारीक, चिरके आवाज जातात, आणि ओरडलं की आवाज नेमका चिरकतो. समोर बसा, उजेड तुमच्या तोंडावर पडू द्या, खालच्या पट्टीत सावकाश बोला.

"आजी, तुझं आयुष्य सांग" म्हटलं की उत्तर येतं, "काय सांगायचं, गेलं तसंच." त्याऐवजी माहेरच्या घरात शिरा. तोंड कुणीकडे होतं? ओसरीवरून आत आलं की आधी काय लागायचं? चुलीपाशी बसलं की डाव्या हाताला काय? उतरंडीत तळाच्या मडक्यात काय असायचं? समोर कागद घ्या आणि ती सांगेल तसा आराखडा काढत जा. चुकला की ती स्वतः बोट ठेवून सांगते. माजघर, देवघर, न्हाणी, परस असं फिरता फिरता माणसं आपोआप येतात, कारण प्रत्येक कोपऱ्यात कुणीतरी बसलेलं असतं. अलीकडचं विसरणाऱ्या आज्यासुद्धा या घरात वाट चुकत नाहीत. एकच गोष्ट आज एक आणि उद्या वेगळी सांगितली तर दोन्ही ठेवा.

ओव्या सोफ्यावर बसून येत नाहीत. जात्याच्या खुंट्याला हात लागला, हात फिरू लागला की येतात. माळ्यावरचं जातं काढणार असाल तर आधी टाकी लावून, म्हणजे दगड छिन्नीने खरबरीत करून घ्या. गुळगुळीत झालेला दगड दाणा भरडतो, दळत नाही. आणि नुसतं सोंगापुरतं रिकामं फिरवू नका. वैरण, म्हणजे आत घातलेला दाणा, नसली की दगडावर दगड घासतो आणि खर पडते. मूठ मूठ ज्वारी घालत राहा. मध्ये थांबवून शब्दांचे अर्थ विचारू नका, लय तुटली की पुढची ओवी परतते. अर्थ नंतर, मुद्रण ऐकवताना विचारा. ओवीत ती भावाचं, लेकाचं नाव घालते, गावाचं नाव घालते. तेवढ्यासाठी का होईना, ती ओवी तुमच्या घरचा दस्तऐवज आहे. हेमा राईरकर आणि गी पॉईटवॅं या संशोधकांनी गावोगावच्या बायकांकडून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, त्यामुळे त्या आज ऐकता-वाचता येतात. बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हतं. त्यांची गाणी घरातल्या मुलांनी उतरवून ठेवली. १९५१ साली त्या गेल्या आणि १९५२ साली ती छापून आली. त्या वह्या भरल्या गेल्या नसत्या तर खानदेशातल्या एका घरापलीकडे कुणाला काही कळलं नसतं.

उतरवताना तिची भाषा सुधारू नका. ती 'व्हतं' म्हणाली तर 'व्हतं' लिहा. अहिराणी, वऱ्हाडी, मालवणी, जे असेल ते तसंच. शुद्ध करून लिहिलं की ती दुसरीच कुणी बाई होते.

फोटोंबद्दल थोडक्यात. मागे नावं लिहायची ती मऊ पेन्सिलीने. बॉलपेनचा दाब पुढे उमटतो. काचेला चिकटलेला फोटो ओढून काढू नका, चेहरा काचेवर राहतो. काचेसकटच त्याचा फोटो घ्या.

आणि गोधडी. नऊवारी लुगडं साधारण सव्वाआठ मीटर. चौघडी घातली की दोन मीटरचे चार पदर होतात, रुंदी सव्वा मीटरच्या आतबाहेर. म्हणजे एका माणसाच्या पांघरुणाला एक लुगडं आत आणि एक वरखाली. म्हणून जुन्या गोधडीत आजीचंच नाही, तिच्या सासूचंही लुगडं सापडतं. उसवलेल्या कोपऱ्यातून आतला काठ बघा. ती शिवताना आधी मधून कडेकडे हाताने सपाट करत कच्चे टाके घालायची, मग कडेपासून आत धावदोरा. कच्चे टाके टाळले की मधोमध चुणी गोळा होते. जुन्या सुतीबरोबर नवं कापड घातलं की पहिल्या धुण्यात नवं आटतं आणि जुनं सुरकुततं. टेरिकॉट घातलं की पदर सरकतात. जुनी गोधडी वॉशिंग मशीनमध्ये कधीही टाकू नका. झिजलेलं सूत टाक्यापाशी फाटतं. प्लास्टिकच्या पिशवीतही नको. धुतलेल्या मलमलीत गुंडाळून ठेवा, आणि दर दोन-तीन महिन्यांनी घडी मोडून वेगळ्या रेषेवर घाला, नाहीतर घडीवरच चिरते.

ती गेल्यावर तेराव्याला ट्रंक उघडली जाते, लुगडी लेकीसुनांत वाटली जातात. वाटण्याआधी ट्रंक जशी आहे तशी, थर न हलवता, वरून एकेक फोटो काढत रिकामी करावी. काय कशाखाली ठेवलं होतं तेही तिनेच ठरवलेलं असतं. तळाशी पुष्कळदा एक अर्धी गोधडी निघते, सुई खोचलेली. सुई लगेच काढा. गंज कापड खातो. दोऱ्याचं टोक आत वळवून गाठ मारा, म्हणजे तिचा टाका उसवणार नाही. गोधडी पुरी करायची असेल तर जरूर करा, पण दोरा दुसऱ्या रंगाचा घ्या. तिने पांढऱ्याने शिवली असेल तर तुम्ही लालाने, तिच्या शेवटच्या टाक्याच्या पुढच्या घरापासून.